दोन आणि दोन

चाळिशी उलटल्यावर ती हौसेने प्रोग्रामिंग शिकायला लागली आणि पहिलाच प्रोग्राम लिहिला तो साध्या कॅल्क्युलेटरचा. दोन अधिक दोन केलं, तर उत्तर आलं बावीस! कॉम्प्युटरने आकड्यांना अक्षरं समजून नुसतं शेजारी शेजारी बसवलं होतं. चूक तिने स्वतःच शोधून लगेच दुरुस्तही केली. पण नवरा पडला सॉफ्टवेअर कंपनीतला मोठा साहेब. त्याला आयतंच कोलीत मिळालं.

आल्यागेल्याला तो किस्सा ऐकवणं सुरू झालं. त्या दिवशी चहाला मित्र जमले, तेव्हाही त्याने तेच दळण लावलं. "आमच्या घरात दोन आणि दोन बावीस होतात बरं का! आणि ही म्हणे प्रोग्रामर होणार. अरे, ज्याला पहिल्याच दिवशी हे कळत नाही, त्याने या वाटेला जाऊच नये!"

मित्र खो खो हसले. तिची कानशिलं तापली.

शेंगा सोलत बसलेल्या सासूबाईंना तिचा उतरलेला चेहरा बघवेना.

"अगं, तू कशाला मनाला लावून घेतेस? तो कॉम्प्युटरच बिघडला असेल. ह्याचा नव्हता का कॉलेजात असताना बिघडला? अस्संच बावीस येत होतं. दार लावून ढसाढसा रडला बिचारा. शेवटी ह्याचे बाबा दुकानदाराशी भांडून नवा घेऊन आले."

"आई, पुरे!" तो ओरडला.

"पुरे काय? मेला, तो नवासुद्धा बिघडलेलाच निघाला!"