काळी चारचं गाणं

प्रमिलाताईंनी पेटी पुढ्यात ओढली. सवयीने काळी चारवर गेलेलं बोट त्यांनी मुद्दाम काळी एकवर आणलं. आज मूळ पट्टी सोडून खाली उतरायचंच होतं.

समोर त्यांचे यजमान दिगंबरराव चहाचा कप नुसता धरून बसले होते. रात्रीतून त्यांना सगळ्याचा विसर पडे. कानामागे बसवलेली चकती त्यांच्या आठवणी जपून ठेवी, आणि सकाळी प्रमिलाताईंनी आपलं पहिलं गाजलेलं गाणं म्हटलं की परत देई. रेकॉर्ड तिला चालत नसे, समोर बसून गाणारा गळाच लागे. सहा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

पण सत्तरी ओलांडलेला गळा आता अंतऱ्यात फाटू लागला होता. काल तर गाणं तीनदा म्हणावं लागलं. मागच्या महिन्यात कार्यक्रमासाठी त्यांनी हेच गाणं खालच्या पट्टीत, संथ लयीत नव्याने बसवलं, तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. चकती लोकांइतकी दिलदार निघेल का, हीच त्यांना धास्ती होती.

त्या गायल्या. अंतरा सुरेल लागला. दिगंबररावांच्या बोटांनी टेबलावर ठेका धरला, डोळे ओलावले. प्रमिलाताईंचा जीव भांड्यात पडला.

"फार सुरेख म्हटलंत, बाई," ते म्हणाले. "पण माझी बायको हे काळी चारमध्ये म्हणते. आत असेल ती. एकदा तिच्याकडून ऐकाच."