पाचशे किलो

"पाचशे किलोच्या वर भरू नका, असं लिहिलंय," मी नव्या ट्रेलरवरची पाटी नवऱ्याला दाखवली.

"कंपनीवाले जपूनच लिहितात," म्हणत त्याने पाटीवरच कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आकडा झाकून गेला. मग धरणाकाठच्या दोन दिवसांच्या कॅम्पसाठी जनरेटर चढला, पाण्याची टाकी चढली, लोखंडी पलंगसुद्धा चढला. जमिनीवर झोपलं की ह्याची पाठ धरते.

घाटात ट्रेलरचा एक्सल तुटला. मसाला लावलेलं चिकन रस्ताभर पसरलं, त्यावर माशा बसल्या. कोणी घसरू नये म्हणून मी ओढणीने नाक बांधून तुकडे गोळा करत होते.

तो वाकड्या चाकाकडे बघत म्हणाला, "गाडीच्या चारही चाकांखाली लिंबं ठेवलीस. ट्रेलरच्या दोन चाकांखाली विसरलीस."

"विसरले नाही," एक बरबटलेला तुकडा त्याच्या हातात कोंबत मी म्हणाले. "ती दोन चिकनला पिळली."