मधातली जागा

दर्यापूरच्या त्या कॉलेजात कॉम्प्युटर सगळे विंडोजचे आणि अभ्यासक्रम मात्र युनिक्सचा. म्हणून लॅब सांभाळणाऱ्या आचलने विंडोजलाच युनिक्सचं सोंग घ्यायला लावणारं एक सॉफ्टवेअर सगळीकडे बसवलं. ते अडून बसलं फक्त प्राचार्यांच्या कॉम्प्युटरवर, आणि तपासणी समितीला ते तिथंच दाखवायचं होतं.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची, म्हणजे काय कुठं ठेवलंय ते सॉफ्टवेअरला सांगणाऱ्या नोंदींची, यादी उघडल्यावर तिला गोम सापडली.

"सर, इथं 'होम'च्या पुढं तुमच्या फोल्डरचं नाव हाय, 'जानराव साहेब'. मधात जागा सुटली की हे पुढचं वाचतच नाही."

"म्हणजे हे मले नुसतं जानराव म्हणून राहिलं?"

एवढी हिंमत कॉलेजात आजवर कोणी केली नव्हती.

"नाव एकाच शब्दाचं ठेवा लागते, सर," आचल चाचरत म्हणाली. "दोनातला एक काढा लागन."

प्राचार्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि स्क्रीनवरचे ते दोन शब्द बराच वेळ न्याहाळले.

"मंग जानराव काढून टाक."