अजून गार

उन्हाळा लागायच्या आत ट्रकचा एसी नीट करून घ्यायला ड्रायव्हर दाजी पनवेलला आला, याचंच केतन मेकॅनिकला नवल वाटलं. एसीत दाजीला शिंकांवर शिंका येतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याने गॅस भरून एसी लावला. दाजी शिंकला आणि म्हणाला, "अजून गार कर."

"कोणासाठी एवढं?"

"गोदूसाठी." दाजीने बायकोचं नाव घेतलं. "ह्या वयात बायकांच्या अंगाची आग व्हते, डॉक्टर बोलली. घरात पत्रा तापतो. बंदराच्या लायनीत ट्रक दुपारभर उभाच असतो. म्हटलं, तिला नेऊ शेजारी बसवून."

"आणि तुमचं काय?"

दाजीने सीटमागून स्वेटर काढून अंगात चढवला, कानाला मफलर गुंडाळला आणि स्टिअरिंगमागून सरकून शेजारच्या सीटवर, गोदूच्या जागेवर बसला.

"हां, आता बघू. कर अजून गार."