शनिवारची व्हॅन

"बाबा, नक्की कधी येताय ते सांगा," फोनवर रुही म्हणाली. "खोली तयार आहे. अक्षत आता बसायला लागलाय. You're missing everything."

विवेकरावांनी व्हॅनचा चार्जर काढून टांगला. कंबरेत कळ आली. "आज सांगतो त्यांना," ते म्हणाले.

हे 'आज' उन्हाळ्यापासून चाललं होतं. रुही राहायची ओहायोत, डब्लिनला. नातवाला त्यांनी फक्त फोनवर पाहिलं होतं.

विवेकराव राहायचे त्या पार्सिपनीत रस्त्यावरच्या गाड्या कमी व्हाव्यात म्हणून देऊळ, चर्च आणि टाउनशिप, म्हणजे तिथली नगरपालिका, यांनी मिळून ही विजेवरची व्हॅन सुरू केली होती. व्हॅन टाउनशिपची, चार्जिंग देवळाचं, थांबा चर्चपुढचा आणि फुकटचा ड्रायव्हर म्हणजे विवेकराव. बायको, नंदा, गेली त्या वर्षी ते घराचे पडदेसुद्धा उघडेनासे झाले होते. तेव्हा नंदाची मैत्रीण पद्मजा दारात येऊन उभी राहिली होती. "विवेकराव, तुम्ही नाही म्हणालात तर सगळं बारगळेल." तिला नाही कसं म्हणायचं?

आता सत्तरी उलटली होती. भल्या सकाळी काचेवरचा बर्फ खरवडताना हात बधिर व्हायचे. पण तिघं वाट बघत असायची. पद्मजा, निवृत्त इंजिनीअर श्रीरंग आणि तरुण ज्ञानदा. घरून घ्यायला येतो म्हटलं तरी ऐकायची नाहीत. "चालत येतो हो, तेवढाच व्यायाम." पद्मजाचं घर चांगलं मैलभर लांब. तरी बर्फातही तिचे बूट कोरडे. काय नेटकी बाई, असं त्यांना दर वेळी वाटायचं.

आधी लायब्ररी, मग देऊळ, मग भारतीय किराण्याचं देशी दुकान. गाडीने चटकन होणाऱ्या कामांना या व्हॅनने अर्धा दिवस जायचा. श्रीरंग तर सीटवर डुलक्याच घ्यायचा. पण कधी कुणी कुरकुर केली नाही. अशी माणसं आहेत म्हणून हे असलं काही टिकतं, असं विवेकराव कमिटीच्या मीटिंगमध्ये सांगायचे.

परतीच्या वाटेवर त्यांनी घसा खाकरला. "रुही बोलावतेय. कायमचंच."

श्रीरंग खडबडून जागा झाला. "अरे मग जा ना. नातू आहे तिथे."

"हो काका, आमचं काय, आम्ही मॅनेज करू," ज्ञानदा म्हणाली.

"खरंच जा, विवेकराव," पद्मजा हळूच म्हणाली. "आमचा विचार करू नका."

विवेकरावांना भरून आलं. किती मोठ्या मनाची माणसं. आपली एवढी गैरसोय होणार, पण चेहऱ्यावर दाखवत नाहीत. हिवाळा तोंडावर आलेला, आणि दुसरा ड्रायव्हर मिळायचा नाही. पद्मजाने या वयात किराण्याच्या पिशव्या घेऊन मैलोन् मैल चालायचं?

"नाही," ते म्हणाले. "ठरलं माझं. हातपाय चालताहेत तोवर तुम्हाला असं वाऱ्यावर सोडून मी कुठे जात नाही."

 आरशात पाहिलं तर पद्मजा चष्मा काढून डोळे दाबत होती. विवेकरावांनी नजर रस्त्यावर वळवली.

चर्चपुढे तिघं उतरली, हात हलवून नेहमीसारखी कोपऱ्यावरून वळली. विवेकरावांनी तिथूनच रुहीला फोन लावला.

"नाही जमणार बाळा. ही माणसं माझ्यावर अवलंबून आहेत."

 पलीकडे अक्षत काहीतरी बडबडत होता. "ओके बाबा," रुही म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ते तसेच बसून राहिले. आता तिथली खोली रिकामीच राहणार. 

निघताना मागे लक्ष गेलं. ज्ञानदाची मेथीची पिशवी सीटवरच राहिली होती. पायी गेलेली माणसं, अजून लांब गेली नसतील. पिशवी घेऊन कंबर सांभाळत ते चर्चला वळसा घालून मागे गेले.

मागच्या पार्किंगमध्ये तीन गाड्या सुरू होत्या. श्रीरंग काच पुसत होता. पद्मजा आपल्या गाडीत बसून खिडकीतून ज्ञानदाशी बोलत होती. विवेकरावांकडे तिची पाठ होती.

"एकटे पडू नयेत म्हणून एक हिवाळा त्यांच्या व्हॅनने फिरू म्हटलं होतं गं. आता हा तिसरा. जायचं स्वतःहून म्हणाले, मला वाटलं आज सुटलो सगळे. आता त्यांचं मन कोण मोडणार?"