एकदा तपासून घ्या

भजनी मंडळाची दुरुस्त केलेली पेटी गुरवबुवांच्या हाती देताना हणमंतकाकांनी नेहमीचं पालुपद लावलंच, “घरी कुणा डोळस माणसाकडून सूर तपासून घ्या हं.” वीस वर्षांपूर्वी काकांची दृष्टी गेली, तेव्हापासून दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पेटीबरोबर हे वाक्य जात होतं.

बुवा पायऱ्या उतरू लागले. बाकावर मघापासून बसलेली एक मुलगी मात्र उठली नाही. आत येताना तिच्या काठीने उंबरा चाचपलेला काकांनी ऐकला होता.

“मला हे काम शिकवाल?” तिने विचारलं.

“पोरी, दिसत नाही तर कसं जमायचं तुला?” काका सहज बोलून गेले, आणि पुढच्या पेटीसाठी उचललेली कानस त्यांच्या हातातच थांबली.

मुलगी रागावली नाही. “तुमची एखादी पेटी कधी परत आलीय का हो, काका?”

“छे! एकही नाही.”

“मग मला एक कळत नाही. सूर डोळ्यांनी कसा तपासतात?”

काकांना स्वतःचंच नवल वाटलं. कानांच्या जोरावर पोट भरणारा माणूस, आणि आपलंच हे वाक्य वीस वर्षांत त्यानं एकदाही ऐकलं नव्हतं!

ते लगबगीने दारात गेले. “अहो बुवा,” त्यांनी गल्लीत हाक घातली, “कुणाला दाखवू नका! पेटी सुरात आहे!”

मग आत वळून म्हणाले, “हात पुढे कर. ही कानस.”