सवलत कुणालाच नाही

“रेकॉर्डिंग नाही, म्हणजे सिस्टर तेच बोलल्या असणार,” संचालक पेडणेकर चौकशी समितीला म्हणाले. आमच्या सर्पदंश मदतवाहिनीवर फोन घेणाऱ्या लीना सिस्टरांनी पाय करकचून बांधायला सांगितले, असा नातेवाइकांचा आरोप होता. रुग्णाचा पाय कापावा लागला होता. आता सिस्टरांची नोकरी जाणार होती.

“साहेब, पुरावा न सापडणे हा पुरावा नसतो,” मी म्हटले. मदतवाहिनीचे संगणक मी सांभाळत असे. कॉलची रेकॉर्डिंग क्लाउडवर साठवली जात, आणि फायरवॉलमधून तिकडे जाणारी वाट मोकळी होती. अडसर अँटिव्हायरसचा होता. तो काही कॉलच्या फायली संशयास्पद ठरवून अडकवून ठेवी. रेकॉर्डिंगचे फोल्डर तपासणीतून वगळा, अशी विनंती मी वारंवार केली होती. पेडणेकरांचे उत्तर ठरलेले असे: “आपल्याकडे सवलत कुणालाच नाही, मॅडम. आज फोल्डरला दिली, तर उद्या प्रिंटर मागेल.”

अडकलेल्या फायली सोडवण्याचा पासवर्डही त्यांच्याचकडे होता. अध्यक्षांनी दटावल्यावर तो मिळाला, आणि मी त्या कॉलची फाइल समितीसमोर लावली.

“बांधू नका हो दादा! दोरी सोडा आधी. पाय हलवू नका, गाडी निघालीय.”

लीना सिस्टरांनी डोळे मिटून घेतले.

“बघा!” पेडणेकर विजयी मुद्रेने उठले. “अँटिव्हायरसने किती जपून ठेवलं होतं! क्लाउडवर गेलं असतं, तर कुठे शोधलं असतं आपण?”

अध्यक्षांनी मान डोलावली. अँटिव्हायरसची हीच सेटिंग मदतवाहिनीच्या बाकीच्या केंद्रांवरही लावावी, असा ठराव झाला. तो अमलात आणण्याची जबाबदारी माझ्यावर आली.